खडकवासल्याची भिंत

जून उलटला की पुण्यातल्या वर्तमानपत्रांत एक लहानशी चौकट येऊ लागते. तिच्यात चार नावे असतात : टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला. प्रत्येक नावापुढे साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, आणि टक्क्यांत दिलेला असतो, शेजारी गेल्या वर्षीच्या त्याच दिवसाचा आकडा असतो. आठवड्यातून एक दिवस नळ कोरडा राहणार की नाही, हे त्या आकड्यांवर ठरत असल्यामुळे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात ही चौकट घरोघरी वाचली जाते, आणि चारही धरणे मिळून २९ टीएमसीच्या आसपास पाणी साठले की शहराचा जीव भांड्यात पडतो. पाणी किती साठले याची एवढी आस्था असलेल्या या शहरात, ते पाणी अडवून धरणारी भिंत कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न मी आजवर फार थोड्या लोकांच्या तोंडून ऐकला आहे. तो विचारला जावा, असे मला मनापासून वाटते.

या चौघांत खडकवासला आकाराने सर्वांत लहान आणि वयाने सर्वांत मोठे. त्याची उपयुक्त साठवण जेमतेम १.९७ टीएमसी, त्याच्या तुलनेत टेमघरची ३.७१, पानशेतची १०.६५ आणि वरसगावची १२.८२ टीएमसी आहे. पण आंबी नदीवरचे पानशेत, मोसे नदीवरचे वरसगाव आणि मुठेवरचे टेमघर, या तिन्ही धरणांचे पाणी शहराकडे येते ते खडकवासल्याच्या जलाशयातूनच. वरून सोडलेले सगळे पाणी या भिंतीशी येऊन थांबते, इथून बंद जलवाहिन्यांनी आणि कालव्याने शहराच्या जलकेंद्रांकडे जाते आणि पुढे उजव्या कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतांपर्यंत पोहोचते. हे धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले, तेव्हा पुणे शहर आणि लष्कर मिळून वस्ती लाख-सव्वा लाखाची होती. रॉयल इंजिनिअर्समधल्या फाइफ नावाच्या अधिकाऱ्याने त्याची आखणी केली, म्हणून इंग्रजांच्या कागदपत्रांत या जलाशयाला लेक फाइफ म्हणत. एवढ्या लांबीचे आणि उंचीचे दगडी धरण बांधण्याचा देशातला तो अगदी सुरुवातीचा प्रयत्न होता, आणि बांधणाऱ्यांना आधार घ्यावा असे दुसरे उदाहरण जवळपास नव्हते.

ते बांधले गेले काळ्या दगडात आणि चुन्यात. असे धरण केवळ आपल्या वजनाच्या बळावर उभे राहते : भिंत इतकी जड असावी, की पाण्याने कितीही रेटा दिला तरी ती जागची सरकू नये आणि उलटू नये. त्या काळच्या हिशेबात मात्र एक गोष्ट धरलेली नसे. भिंतीच्या पोटात आणि पायाखाली शिरलेले पाणी नुसते झिरपून बाहेर पडत नाही. ते भिंतीला खालून वर उचलू पाहते आणि जेवढे उचलते तेवढे तिचे वजन कमी झाल्यासारखे होते. इंजिनिअर याला अपलिफ्ट म्हणतात. १८९५ साली फ्रान्समधले बूझे येथले दगडी धरण फुटले, ऐंशीहून अधिक माणसे मेली, आणि त्यानंतर हा दाब गंभीरपणे हिशेबात घेतला जाऊ लागला. खडकवासला त्याच्या सोळा वर्षे आधी उभे राहिले होते. त्याची भिंत रेट्याच्या मानाने बारीक आहे, हे बांधणाऱ्यांच्याही लवकरच ध्यानात आले, म्हणून खालच्या अंगाला मातीचा रुंद भराव घालून तिला आधार देण्यात आला. अपुऱ्या ज्ञानानिशी बांधणारी ती माणसे स्वतःच्या कामाकडे डोळे उघडे ठेवून पाहत होती, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

भूकंपाचा विचार तर तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता. दख्खनचे पठार स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होत नाही, अशी समजूत त्यानंतरही जवळजवळ नव्वद वर्षे टिकली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने ती मोडली. १०३ मीटर उंचीच्या, त्या वेळी अगदी नव्या असलेल्या कोयना धरणाला वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या आणि पुढे खालच्या बाजूने काँक्रीटचे धीरे, म्हणजे भिंतीला टेकवलेले भक्कम आधार, देऊन ते बळकट करावे लागले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, भंडारदरा या १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणातून मोठी गळती सुरू झाली आणि त्यालाही धीरे व पोलादी तारांच्या जुड्या घालून सावरावे लागले. महाराष्ट्रातल्या धरण-अभियंत्यांची एक अख्खी पिढी या दोन दुरुस्त्यांवर शिकली. जुने धरण टिकवता येते, त्याची विद्या आपल्या मातीत आहे, आणि ती कमावताना आपण मोठी किंमत मोजली आहे.

माझे एक मामा पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. निवृत्तीनंतर एकदा ते मला सह्याद्रीतल्या एका जुन्या दगडी धरणाच्या पायथ्याशी घेऊन गेले. पावसाळा नुकताच सरला होता, जलाशय काठोकाठ भरलेला होता आणि मी मान वर करून भिंतीची उंची पाहत होतो. ते मात्र सरळ पायथ्याच्या चरीशी जाऊन उकिडवे बसले. चरीत लोखंडी पत्रा आडवा बसवलेला होता, त्याला मधोमध खाली निमुळती होत गेलेली खाच होती आणि बाजूला खुणा केलेली पट्टी होती. भिंतीतून आणि पायातून झिरपणारे सगळे पाणी त्या खाचेतून वाहून जाईल अशी योजना असते, आणि खाचेत पाण्याने किती उंची गाठली यावरून सेकंदाला किती लिटर पाझर आहे ते काढता येते. मामांनी चष्मा चढवून पट्टी वाचली, आकडा वहीत लिहिला, मग ओंजळीत पाणी घेऊन ते उजेडाकडे धरले आणि बराच वेळ निरखून पाहिले. “स्वच्छ पाणी येतंय तोवर नोंद ठेवायची,” ते म्हणाले. “गढूळ दिसलं की वर फोन करायचा. घड्याळ बघायचं नाही, साहेब झोपलेत का ते बघायचं नाही.”

परत फिरताना त्यांनी भिंतीवरून खाली उतरलेले पांढरे ओघळ दाखवले. दगडांच्या सांध्यांतून निघून ते हातभर, कुठे पुरुषभर खाली आले होते आणि बोटाने खरवडले तर पापुद्रा निघत होता. पावसाचे पाणी मऊ असते, त्याला चुना विरघळवण्याची ओढ असते. ते भिंतीच्या एका अंगाने आत शिरते, वाटेत सांध्यांतला चुना थोडाथोडा सोबत घेते आणि दुसऱ्या अंगाला हवेत आल्यावर तो तिथे सोडून देते. जुन्या वाड्याच्या भिंतीला वरून गिलावा धड दिसावा आणि आत बोट घातले तर नुसती माती हाती यावी, तसे हे काम धिम्या गतीने, कोणाच्या नजरेत न भरता चालते. एका वर्षात जाणारा चुना नगण्य असतो, पण शंभर-सव्वाशे वर्षांत जाणारा चुना तसा नसतो. म्हणून जलाशय उतरला की पाण्याच्या बाजूचे सांधे खरवडून दरजा पुन्हा भरायच्या असतात, माथ्यावरून भोके पाडून सिमेंटचा रबडा दाबाने आत सोडायचा असतो, ज्याला ग्राउटिंग म्हणतात, आणि पाझराचे पाणी बाहेर काढणारी निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवायची असतात.

या निचऱ्याच्या छिद्रांबद्दल मामांनी जे सांगितले, ते माझ्या मनातून गेलेले नाही. सांध्यांतून आलेला तोच चुना छिद्रांत साठतो आणि ती हळूहळू बुजतात. मग खाचेतले पाणी कमी होते, रजिस्टरातला आकडा खाली येतो आणि नवख्या माणसाला वाटते की गळती आटोक्यात आली. प्रत्यक्षात पाणी आतच कोंडलेले असते आणि भिंतीला खालून उचलणारा दाब वाढत असतो. पाझर वाढला तर काळजी करायची हे कोणालाही समजते. पाझर विनाकारण कमी झाला तरीही काळजी करायची, हे समजायला त्या धरणाच्या पायथ्याशी वर्षानुवर्षे बसावे लागते. जलाशयाची पातळी अमुक असताना गेल्या वर्षी पाझर किती होता, त्याच्या आदल्या वर्षी किती होता, हे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय नुसत्या एका आकड्याला अर्थ नसतो. जुन्या धरणाची प्रकृती अशा मांडणीतूनच कळते, आणि ती मांडणी करणारा माणूस जागेवर असावा लागतो, बदलीच्या चक्रात दर तीन वर्षांनी नवा आणि अनोळखी असून चालत नाही. साठ्याच्या आकड्याशेजारी पाझराचा आकडाही छापला जावा, असे मला वाटते ते याच कारणासाठी. लोकांना तो पहिल्या वर्षी कळणार नाही. टीएमसी म्हणजे काय हेही लोकांना एके काळी कळत नव्हते.

खडकवासल्याबद्दल बोलताना १२ जुलै १९६१ टाळता येत नाही, आणि पुण्यात ती तारीख पानशेतच्या नावाने ओळखली जाते, हे योग्यच आहे. पानशेतचे मातीचे धरण तेव्हा पुरे झालेले नव्हते. तरीही त्या पावसाळ्यात त्यात पाणी अडवण्यात आले. पाणी बाहेर सोडण्याच्या विमोचकाचे काम अर्धवट होते, त्याच्या दरवाज्यांची यंत्रणा पूर्ण बसलेली नव्हती, आणि त्यावरचा मातीचा बांध खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचून तो बांध कसाबसा तोलून धरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास तो फुटला. तोवर उजाडले होते. त्या एका रात्रीने किती जीव वाचवले, याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही.

त्यानंतर जे झाले ते मात्र आपण पुरेसे आठवत नाही. पानशेतचा लोंढा आला तेव्हा खडकवासल्याचा जलाशय आधीच भरलेला होता आणि सांडव्यातून पाणी वाहत होते. ऐंशीहून अधिक वर्षांचे ते दगड-चुन्याचे धरण माथ्यावरून पाणी वाहून जाण्यासाठी बांधलेलेच नव्हते. तरी भिंतीच्या संपूर्ण लांबीवरून सुमारे २.७ मीटर उंचीचे पाणी कोसळत असताना, ती थरथरत असताना, ते चारेक तास उभे राहिले आणि दुपारी फुटले. तोपर्यंत मुठेचे पाणी लकडी पुलावरून जाऊन नारायण, शनिवार, कसबा या पेठांत आणि पलीकडे डेक्कन जिमखान्यावर शिरलेच होते. पण ज्यांना दारात पाणी आल्यावरच काय घडते आहे ते कळले, अशा असंख्य माणसांना त्या तासांत पर्वतीकडे, चतुःशृंगीच्या टेकडीकडे पळता आले. मृतांचा नेमका आकडा अखेरपर्यंत लागला नाही. हजाराच्या आसपास माणसे गेली असे मानले जाते. चौकशीचे काम आधी न्या. बावडेकर यांच्याकडे होते, त्यांच्या निधनानंतर ते न्या. नाईक यांच्याकडे आले. आणि पूर ओसरल्यावर शहरापुढे दुसरे संकट उभे राहिले, ते म्हणजे प्यायला पाणी नव्हते. धरण नाही म्हणजे कालवा नाही, कालवा नाही म्हणजे पर्वतीच्या जलकेंद्राला पाणी नाही. पेठांतल्या विहिरी उपसल्या गेल्या, कात्रजच्या तलावातून पेशवाईत आणलेल्या पाण्याचे जुने हौद लोकांनी पुन्हा हुडकले. पुराच्या आठवणी सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यापुढच्या दिवसांत हंडा घेऊन कोणत्या बोळात रांग लावली, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायका आता फार थोड्या उरल्या आहेत.

फुटलेला भाग पुढे नव्याने बांधला गेला. आज खडकवासल्याला जे अकरा वक्र दरवाजे दिसतात, ते त्या पुनर्बांधणीतले आहेत. म्हणजे आजची भिंत एका वयाची नाही. तिच्यात एकोणिसाव्या शतकातला चुना आहे आणि विसाव्या शतकातले सिमेंटही आहे, आणि जुने बांधकाम नव्याला जिथे मिळते, तो सांधा कोणत्याही अभियंत्याच्या दृष्टीने विशेष लक्ष देण्याची जागा असते.

१९६१ मध्ये खडकवासला स्वतःच्या दोषाने फुटले नाही. वरच्या धरणाने ते फोडले. साखळीतल्या धरणांच्या बाबतीत हे आजही तितकेच खरे आहे, आणि त्यामुळे खडकवासल्याच्या सुरक्षिततेचा विचार टेमघरपासून सुरू करावा लागतो. ८६ मीटरच्या आसपास उंचीचे टेमघरचे दगडी धरण या शतकाच्या सुरुवातीला पाणी अडवू लागले, आणि जवळजवळ पहिल्यापासून ते गळते आहे. गळती सेकंदाला दोन हजार लिटरांच्या वर गेली, तेव्हा २०१६ साली ठेकेदार आणि अभियंत्यांवर गुन्हे दाखल झाले. पुढे ग्राउटिंग आणि पाण्याच्या बाजूने लेपन करून बरीचशी गळती कमी करण्यात आली, पण त्या कामासाठी धरण वर्षामागून वर्ष लवकर रिकामे करावे लागले. खडकवासल्याहून सव्वाशे वर्षांनी तरुण असलेल्या धरणाची ही अवस्था आहे. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण तर वीस वर्षांचेही नव्हते. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. बांधातून पाणी झिरपते आहे, अशी तक्रार त्या गावाने आधीच केलेली होती. फुटल्यानंतर खेकड्यांनी बांध पोखरला असे राज्याच्या एका मंत्र्यांनी सांगितले, तेव्हा मला अतिशय वाईट वाटले होते. मातीच्या बांधात खेकडे बिळे करतातच. पावसाळ्याआधी बांधावरून चालत जाऊन ती बिळे शोधायची आणि बुजवायची, यासाठीच तर माणसे नेमलेली असतात.

म्हणून ‘एवढे जुने धरण, आता ते पाडूनच टाका’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि ‘इंग्रजांच्या काळातले पक्के काम आहे, त्याला काही होत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांचे तर मला भयच वाटते. मुंबईला आजही पाणी देणारा विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा आणि तानसा १८९२ चा आहे. ती धरणे उभी आहेत, कारण त्यांच्यामागे सतत कोणीतरी राबले आहे. विहार, तुळशी आणि तानसा मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचे आहेत. नळात पाणी आले नाही म्हणून ज्या कार्यालयात जायचे, तेच कार्यालय धरणालाही जबाबदार असते. पुण्याचे तसे नाही. खडकवासला साखळी राज्याच्या जलसंपदा विभागाकडे आहे आणि महापालिका त्या विभागाकडून पाणी विकत घेते. त्यामुळे पाण्यावरून होणारे इथले भांडण नेहमी कोट्याचे असते : शहराने मंजुरीपेक्षा किती जास्त उचलले, शेतीचे आवर्तन किती लांबले, थकबाकी किती झाली. हे भांडण खरे आहे आणि त्यात शेतकऱ्याची बाजू अनेकदा रास्त असते. पण शहर आणि शेतकरी या दोघांचेही पाणी जिच्या आधाराने उभे आहे, त्या भिंतीच्या दुरुस्तीसाठी या दोघांपैकी कोणीही मोर्चा काढलेला मला आठवत नाही. केरळात १८९५ च्या मुल्लापेरियार धरणाबद्दल घराघरांत बोलले जाते, अगदी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुनःपुन्हा जाऊन वाद घातला जातो. तिथली भीती काही वेळा अतिरेकी असेल, राजकारणही असेल, परंतु धरणाची पातळी किती फुटांवर ठेवायची आणि का, हे तिथल्या सामान्य माणसाला सांगता येते.

धरणाची सुरक्षितता भिंतीपाशी संपत नाही. पूर आला की दरवाजे वेळेवर उघडता येणे, हा तिचाच भाग आहे, आणि दरवाजे किती उघडायचे हे खालच्या नदीपात्रावर अवलंबून असते. २५ जुलै २०२४ रोजी पहाटेपासून खडकवासल्यातला विसर्ग वाढवत नेत ३५ हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला ३५ हजार घनफुटांच्या, आसपास न्यावा लागला, आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले पाण्याखाली गेले. माणसे झोपेतून उठली ती पाण्यात उभी राहूनच. इशारा वेळेत मिळाला की नाही यावर नंतर पुष्कळ वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्याहून मोठा प्रश्न मला वेगळा दिसतो. पात्रात भराव पडत गेला, रस्ते झाले, पूररेषेच्या आत घरे झाली, म्हणजे दरवाज्यावर बसलेल्या अधिकाऱ्याचे हात दर वर्षी थोडे अधिक बांधले जातात. पाणी सोडले तर खालची वस्ती बुडते आणि दुसऱ्या दिवशी तोच दोषी ठरतो; म्हणून थोडे थांबू, थोडे अडवून धरू, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. तो जितका थांबतो तितका भार जुन्या भिंतीवर चढतो. नदीकाठी पडलेला राडारोड्याचा ट्रक अशा रीतीने वीस किलोमीटर वरच्या धरणाची सुरक्षितता कमी करत असतो, हे त्या ट्रकमालकाला माहीत नसेल, पण बांधकामाला परवानगी देणाऱ्यांना ते माहीत असले पाहिजे.

कालव्याची गोष्ट याहून वेगळी नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी भर दिवसा, पावसाचा थेंब नसताना, जनता वसाहतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या वस्तीतल्या शेकडो घरांतून संसार वाहून गेले. तो कालवा धरणाच्या बरोबरीने जन्मलेला, शहराच्या मधोमध उघडा वाहणारा. त्या वस्तीत पुढच्या आठवड्यात गेलो होतो तेव्हा एका घरापुढे शाळेची वह्या-पुस्तके पान न् पान उलगडून पत्र्यावर उन्हात वाळत घातलेली होती, वर पाने उडू नयेत म्हणून चमचे आणि वाट्या ठेवल्या होत्या. ती आवरणारी बाई कोणावर चिडलेली नव्हती. कालवा कोणाचा, महापालिकेचा की पाटबंधाऱ्याचा, एवढेच तिने मला दोनदा विचारले.

संसदेने २०२१ साली धरण सुरक्षा कायदा केला आणि तो ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. पंधरा मीटरहून उंच असलेले प्रत्येक धरण त्याच्या कक्षेत येते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे, धरणाच्या मालकाने स्वतंत्र सुरक्षा कक्ष ठेवणे, आपत्कालीन कृती आराखडा तयार करणे, या गोष्टी आता केवळ खात्याच्या परिपत्रकावर सोडलेल्या नाहीत, त्यांना कायद्याचे बळ आहे. महाराष्ट्रात त्यापूर्वीही नाशिकची धरण सुरक्षितता संघटना हे काम करीत आली आहे आणि केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र तर खुद्द खडकवासल्याच्या पायथ्याशी आहे. या विषयातली देशातली जाणती माणसे या धरणापासून चालत जाण्याच्या अंतरावर बसतात. कायद्यातली सर्वांत महत्त्वाची तरतूद मला वाटते ती अशी, की प्रत्येक जुन्या धरणाचे स्वतंत्र तज्ज्ञांच्या समितीकडून सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत व्हावे. त्यात भिंतीची ताकद आजच्या निकषांवर नव्याने तपासायची असते, कोयनेनंतर कळलेला भूकंप धरायचा असतो, आणि बदललेल्या पावसाचा पूर धरायचा असतो. एका दिवसात घाटमाथ्यावर पडणारा पाऊस आता पूर्वीच्या तक्त्यांत बसत नाही, हे मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला राहणारा कोणीही सांगेल.

ही पाच वर्षांची मुदत ३० डिसेंबर २०२६ ला पुरी होते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांचे मूल्यमापन अहवाल, सामान्य माणसाला कळेल अशा मराठी सारांशासह, संकेतस्थळावर आणि महापालिकेच्या सभागृहात ठेवले जावेत, अशी मागणी नगरसेवकांनी, सोसायट्यांनी आणि कालव्यावरच्या पाणीवापर संस्थांनी एकत्र करायला हवी. त्याबरोबर आपत्कालीन आराखड्यातला नकाशाही मागायला हवा, ज्यात कोणते धरण फुटले तर कोणत्या गल्लीत किती वेळात किती फूट पाणी येईल आणि लोकांनी कोणत्या उंचवट्याकडे जायचे, हे दाखवलेले असते. तो नकाशा कपाटात ठेवण्यासाठी काढायचा नसतो. एकतानगरी, विठ्ठलवाडी, दांडेकर पूल, नारायण पेठ इथल्या शाळांच्या भिंतींवर तो मोठ्या कागदावर छापून लावावा, आणि १२ जुलैला मुलांना तो वाचायला शिकवावे.